तीनशे मीटर

माझ्या नणंदेला मी अजूनही ‘वन्सं’ म्हणते. त्यांना ते आवडत नाही, एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटतं म्हणतात. वय अडुसष्ट. कोल्हापुरात शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून गळ्यात दुर्बीण अडकवून पहाटे कळंबा तलावावर जाऊन बसतात. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. “अगं, पांढरी अस्वलं बघायला येतेस का? एकटीनं केबिन घेतली तर जवळजवळ दुप्पट पैसे मागतायत.” म्हणजे आमंत्रण तसं मला नव्हतं, केबिनमधल्या दुसऱ्या पलंगाला होतं. मी डोंबिवलीत भेंडी चिरत बसले होते. हो म्हणून टाकलं.

जायचं होतं स्वालबार्डला. नॉर्वेच्या वर, उत्तर ध्रुवाच्या वाटेवरचा बेटांचा पुंजका. त्यातलं सगळ्यांत मोठं बेट स्पिट्सबर्गन. मी आधी मोठ्या क्रूझची स्वस्त जाहिरात शोधून काढली होती, तर वन्संनी ती एका वाक्यात मोडीत काढली: “त्या जहाजातून अस्वल नाही दिसत, बुफे दिसतो.” बोलणं तिखट असलं तरी खोटं नव्हतं. 1 जानेवारी 2025 पासून तिथले नियम कडक झालेत. संरक्षित भागांत दोनशेपेक्षा जास्त प्रवाशांचं जहाज जाऊच शकत नाही आणि त्या भागांत किनाऱ्यावर उतरायला ठरवून दिलेल्या 43 जागाच आहेत. आमचं जहाज नव्वदेक प्रवाशांचं. सव्वा वर्ष आधी पैसे भरले. विमान, व्हिसा, विमा सगळं धरून माणशी साडेआठ लाखांच्या घरात गेलं. हा आकडा मी माहेरी अजून सांगितलेला नाही.

कागदपत्रांत एक मेख आहे, ती आधी सांगते, कारण तिथं लोक फसतात. स्वालबार्डला जायला व्हिसा लागत नाही. पण विमान ओस्लोहून, आणि ओस्लो शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. स्वालबार्ड नॉर्वेचं असूनही शेंगेनच्या बाहेर. म्हणजे तुम्ही ओस्लोत शिरता, तिथून पासपोर्ट दाखवून बाहेर पडता आणि परत येताना पुन्हा शिरता. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा घेतला तर परतीच्या वाटेवर अडकलात. अर्ज भरून देणाऱ्या एजंटानं आमचा फॉर्म ‘एक प्रवेश’ असाच भरला होता. वन्संनी पस्तीस वर्षं पेपर तपासलेत, त्यांनी तो लाल पेनानं गोल करून परत केला.

विम्यात हेलिकॉप्टरनं उचलून आणण्याचा खर्च धरलेला असावाच लागतो. डॉक्टरांकडून फॉर्म भरून घ्यावा लागतो. आमच्या डॉक्टरांनी तो वाचून विचारलं, “तिथं नक्की करायचं काय असतं?” मी म्हटलं, बोटीत बसायचं आणि वाट बघायची. गंमत म्हणून म्हटलं होतं, पण पुढचे आठ दिवस झालं तेच.

ओस्लोहून तीनेक तासांत लाँगइयरब्येन. 78 अंश उत्तर, वस्ती अडीचेक हजारांची. एकेकाळचं कोळशाच्या खाणीचं गाव. खाणीतून आलेल्या माणसांनी काजळी घरात आणू नये म्हणून बूट दाराशी काढायची पद्धत पडली, ती हॉटेलात आणि म्युझियममध्येही टिकून आहे. हॉटेलच्या दाराशी बुटांचा तो ढीग बघून मला फार बरं वाटलं, एखाद्या घरी सत्यनारायणाला आल्यासारखं. गाव संपतं तिथं अस्वलाचं चित्र असलेली त्रिकोणी पाटी, खाली लिहिलेलं: हे संपूर्ण स्वालबार्डला लागू. तिच्यापुढं बंदूकवाल्याशिवाय जायचं नाही.

वन्संची बॅग आलीच नाही. विमान कंपनीच्या काउंटरवर एक फॉर्म आणि एक हसू मिळालं. बॅगेत सगळे लोकरीचे कपडे. गावात दुकानं आहेत, मूल्यवर्धित करही नाही, पण किंमती बघून वन्सं दोन मोजे आणि एक बनियनजोडी घेऊन बाहेर पडल्या. बाकी माझं वापरलं. आठ दिवस नणंद-भावजय एकाच स्वेटरमध्ये, आळीपाळीनं. बॅग आम्ही परतलो तेव्हा विमानतळावर आमची वाट बघत उभी होती.

जहाजावर चढल्यावर आधी धोक्याच्या भोंग्याची तालीम. सात छोटे, एक लांब. मग केशरी जॅकेटं घालून डेकवर हजेरी. ती झाली की व्हॅक्यूम क्लीनरचा कार्यक्रम, आणि याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय. किनाऱ्यावर न्यायच्या प्रत्येक वस्तूची झडती होते: बाहेरची पँट, पाठपिशवी, कॅमेऱ्याची बॅग, काठीचं टोक. बाहेरचं बी तिथं जाऊन रुजू नये म्हणून. बाकीच्यांचं दोन-दोन मिनिटांत आटोपलं. वन्संची पाठपिशवी मात्र कळंब्याची. तिच्या वेलक्रोच्या पट्टीत कुसळं घुसलेली, एकेक तिरकं, आत रुतून बसलेलं. व्हॅक्यूमला दाद देईनात. मग आमची गाइड, पंचविशीची नॉर्वेजियन मुलगी, चिमटा घेऊन मांडी घालून जमिनीवर बसली आणि वन्सं शेजारी बसल्या. वीस मिनिटं दोघी एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढाव्यात तशा त्या पट्टीतली कुसळं वेचत होत्या. पांढऱ्या कागदावर सत्तावीस निघाली. वन्सं म्हणाल्या, “कोल्हापूरचं गवत इथं उगवलं असतं तर नावावर एक शोधनिबंध झाला असता.” पोरीला विनोद कळला नाही, तिनं गंभीरपणे नाही म्हणून मान हलवली.

झोडियाक म्हणजे रबरी बोट. तिच्यात चढताना हात हातात द्यायचा नाही, समोरच्याचं मनगट धरायचं आणि त्यानं आपलं. ओला हात सुटतो, मनगट सुटत नाही. चढल्यावर उभं राहायचं नाही, बुडावर सरकत सरकत जागेवर जायचं. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी जिन्याची सवय करून जावं, बाकी जमतं. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट जहाजावर मिळतात, कारण बोट पाण्यातच थांबते आणि आपण पाण्यात उतरतो. किनाऱ्यावर खाणं नाही आणि शौचाला जाणं नाही. सकाळी चहाचा दुसरा कप घेणारी माणसं पहिल्या दोन दिवसांत सुधारतात.

पहिल्यांदा उतरलो ते इसफियोर्ड नावाच्या खाडीच्या तोंडाशी, आल्खोर्नेटला. आधी गाइड जातात, बंदुका पाठीला, दुर्बिणीनं चहूबाजूचा डोंगर वाचतात आणि मग आपल्याला बोलावतात. पायाखाली मऊ शेवाळ, वर उभा कडा, त्यावर पक्ष्यांचा बाजार भरलेला. रेनडिअर होते. आपल्याकडं नाताळच्या कार्डावर असतात तसे देखणे नव्हेत, आखूड पायांचे, गुबगुबीत, अंगावरची लोकर झडून गोधडी उसवल्यासारखी. एक चरत चरत इतका जवळ आला की गवत तुटल्याचा आवाज ऐकू यायला लागला. आम्ही जागच्या हललो नाही. त्यानं मान वर करून आमच्याकडं बघितलं आणि पुन्हा खायला लागला.

दुसऱ्या दिवशी नी-ऑलेसुंड. हेही खाणीचंच गाव. 1962 च्या स्फोटात एकवीस माणसं गेली आणि पुढच्या वर्षी खाण बंद झाली. आता तिथं देशोदेशींची संशोधन केंद्रं आहेत. 1926 साली ज्या मनोऱ्याला बांधून ठेवलेलं ध्रुवसंशोधक आमुंडसेनचं हवाई जहाज ध्रुवावरून उडत गेलं, तो मनोरा गावाबाहेर अजून उभा आहे. गावात शिरण्याआधी फोन फ्लाइट मोडवर, वायफाय-ब्लूटूथ बंद, कारण तिथल्या वेधशाळेचे अँटेना अवकाशातून येणारे क्षीण संकेत टिपत असतात, त्यात आपली लुडबुड नको. वन्संच्या कानाच्या मशीनलाही ब्लूटूथ आहे, ते बंद करायला पुन्हा तीच गाइड मदतीला आली.

याच गावात ‘हिमाद्री’ आहे, आपलं केंद्र. 1 जुलै 2008 ला सुरू झालं. त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या हेडलँड सडा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. डिसेंबर 2023 पासून आपले शास्त्रज्ञ तिथं हिवाळ्यातल्या काळोखातही राहायला लागलेत. स्वालबार्डचा 1920 चा करार झाला तेव्हा सह्या करणाऱ्या देशांत भारतही होता, अर्थात इंग्रजांच्या हातानं. पर्यटकांना आत जाता येत नाही, रस्त्यावरूनच बघायचं. दार बंद होतं. वन्सं पाच मिनिटं समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “चहा तरी विचारायचा!”

तिथून जहाज वर निघालं. वायव्य टोकाला एका किनाऱ्यावर उतरायचं होतं, सतराव्या शतकात तिथं डच लोक देवमाशांची चरबी वितळवत. बूट चढवून, जॅकेटं घालून रांगेत उभे, आणि घोषणा: उतरणं रद्द. किनाऱ्यावर अस्वल झोपलंय. झालं, सगळे दुर्बिणी घेऊन डेकवर. मला एक मळकट दगड दिसला. वन्संनी सांगितलं की तोच. दीड तास थांबलो. दगडानं कूस बदलली. तेवढंच. एका प्रवाशानं कुरकुर केली की दोन तासांनी उठेल, थांबू या. पण कोण थांबणार? त्या दिवशी दुपारी उगाच एक भाषण लावलं हिमनद्यांवर, आणि मी त्यात झोपले.

हिमनदीची भाषणापेक्षा बोटीतून झालेली ओळख बरी. इंजिन बंद केलं, कोणी बोलायचं नाही असं ठरलं. आजूबाजूला बर्फाचे तुकडे तरंगत होते आणि सगळ्या पाण्यातून बारीक आवाज येत होता, कढईत मोहरी तडतडावी तसा. बर्फात जुन्या काळची हवा दाबून बसलेली असते, बर्फ वितळला की तिचे बुडबुडे फुटतात. लांब समोर निळी भिंत. तिच्यातून बर्फाची एक मोठी ढलपी सुटली, आधी दिसली, आवाज नंतर आला, आणि मग लाट येऊन आम्हाला पाळण्यासारखं हलवून गेली. गाइडनं बोट आधीच लांब का उभी केली होती ते तेव्हा कळलं.

सोमवारी एक पेच पडला. श्रावण लागला होता आणि वन्संचा पहिला श्रावणी सोमवार. दिवसभर उपास, दिवे लागले की सोडायचा. पण तिथं एप्रिलच्या विसाव्या तारखेच्या सुमारास वर आलेला सूर्य ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मावळतच नाही. रात्री बाराला डेकवर गॉगल लावून उभं राहावं लागतं. “मग काय, ऑगस्टअखेर जेवणार?” मी विचारलं. त्यांनी घड्याळ काढलं, साडेतीन तास मिळवले आणि जाहीर केलं की कोल्हापुरात दिवेलागण होते तेव्हा जहाजावर पावणेचार वाजलेले असतात. बरोब्बर पावणेचारला त्यांनी कॅन्टीनमधल्या फिलिपिनो पोराकडून दही-भात मागून घेतला. मी शाकाहारी, मला रोजच भात, बटाटे आणि दयाळू चेहरे मिळत होते. मोकळ्या समुद्रात जहाज डोलायला लागलं की दोघींना आलेपाकाच्या वड्यांनी तारलं. गोळ्याही घ्याव्यात, पण गोळ्या घेऊन मी दिवसभर झोपते.

मंगळवारी हिनलोपेनच्या सामुद्रधुनीत आल्केफ्येलेटचा कडा. काळ्या दगडाचे उभे खांब, शंभर मीटर उंच, आणि प्रत्येक कंगोऱ्यावर गिलेमॉट पक्षी खांद्याला खांदा लावून उभे, पांढरं पोट, काळा कोट. साठेक हजार जोड्या आहेत म्हणतात. डोंबिवलीची सकाळची आठ-पाचची लोकल, तिला फक्त रूळ नाहीत, इतकंच. वास असा की रुमालाचा उपयोग नाही. हा पक्षी घरटं बांधत नाही, उघड्या दगडावर एकच अंडं घालतो. पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की पंख फुटायच्या आतच वरून उडी मारतं. आम्ही त्याच दिवसांत पोचलो होतो. खाली पाण्यात बाप ओरडत असतो. आई नव्हे, बाप. पुढचे काही आठवडे समुद्रात पोराला तोच सांभाळतो. एक पिल्लू आमच्या बोटीपासून चार हातांवर पडलं. टप्कन आवाज, पाण्याखाली गेलं, बुचासारखं वर आलं आणि किरट्या आवाजात ओरडायला लागलं. बाप त्या हजारोंच्या कल्लोळातून त्याचा आवाज ओळखून सरळ रेषेत पोहत आला. चोचीला चोच लावली आणि दोघं समुद्राकडं तोंड करून निघाले, मागं वळून न बघता. त्याच्या आधीचं पिल्लू मात्र मोठ्या गल पक्ष्यानं उचललं होतं. वन्सं दोन्ही वेळा काही बोलल्या नाहीत. मी बोलले, पण काय ते आठवत नाही.

वॉलरस, म्हणजे सुळेवाले अवाढव्य समुद्री प्राणी, त्याच संध्याकाळी. वाळूवर एकमेकांच्या अंगावर लोळत पडलेले, पोत्यांच्या राशीसारखे. दीडशे मीटर लांब थांबायचं, बोट हळू चालवायची, असा नियम. तो नियम वॉलरसांना कोणी सांगितलेला नव्हता. तीन तरणेबांड पाण्यातून फुरफुरत आमच्याकडं आले, मिशांचे राठ केस, लाल डोळे, चेहरा सासऱ्यांच्या एका मित्रासारखा, आणि बोटीभोवती चक्कर मारून गेले. सुळे आणि चरबीसाठी माणसानं इथले वॉलरस जवळजवळ संपवले होते, 1952 साली शिकार बंद झाली म्हणून उरले आणि वाढले. त्यांना हे माहीत नसावं. असतं तर इतक्या जवळ आले नसते.

अस्वल दिसलं ते सहाव्या रात्री, बर्फाच्या कडेशी. रात्र म्हणायचं इतकंच. उत्तरेला समुद्रावरचा बर्फ जिथं सुरू होतो तिथं जहाज रेंगाळत होतं. पावणेदोनला केबिनमधल्या स्पीकरवर पोरीचा हळू आवाज: “पुढच्या बाजूला, अकरा वाजल्याच्या दिशेला, एक अस्वल.” आम्ही नाइट गाउनवर जॅकेट चढवून वर. लोखंडी कठडा इतका गार की हातमोज्यातून चटका बसत होता. सगळे उभे, कोणी बोलत नाही.

लांब बर्फाच्या एका लादीवर ते बसलं होतं. पांढरं नव्हे. बर्फाशेजारी ते पिवळट दिसतं, वापरून वापरून जुन्या झालेल्या पंच्याच्या रंगाचं. समोर सीलचं काहीतरी उरलेलं होतं, लाल. जवळच दोन शुभ्र आयव्हरी गल ताटकळत होते. गाइडकडं अंतर मोजायचं यंत्र होतं आणि ती दर मिनिटाला पुटपुटायची. सहाशे दहा. सहाशे दहा. अस्वल खात होतं. मग उठलं, नाक वर केलं आणि हवेत इकडं तिकडं फिरवलं. एवढ्या लांबून त्याला कशाचा वास आला कोण जाणे, आमच्याकडं तेव्हा नव्वद माणसं आणि रात्रीचा उरलेला कांदा होता. ते लादीवरून पाण्यात उतरलं, पुढच्या लादीवर चढलं, कुत्र्यासारखं अंग झाडलं, आणि आमच्या दिशेनं चालायला लागलं.

पाचशे वीस. चारशे चाळीस. दुर्बिणीत मला त्याचे पाय दिसत होते, जरा आत वळलेले, चालताना पंजा मागून वर यायचा तेव्हा तळवा काळा दिसायचा. घाई नव्हती. बाजारातून पिशवी घेऊन घरी निघालेल्या माणसाची चाल. शेजारचा हातभर लांब लेन्सवाला गृहस्थ श्वास रोखून बसला होता. तीनशे साठ.

आणि जहाज मागं सरकायला लागलं.

पायाखाली थरथर जाणवली, मागचं पाणी ढवळलं आणि बर्फ आमच्यापासून दूर जायला लागला. जुलैत तीनशे मीटर, आणि मार्च ते जून पाचशे, याच्या आत जायचं नाही. अस्वल स्वतःहून जवळ आलं तर आपण मागं व्हायचं, असा कायदा आहे. अस्वल एक पाऊल टाकी, आम्ही एक पाऊल मागं. लेन्सवाल्यानं त्याच्या भाषेत काहीतरी म्हटलं, ते आशीर्वाद नसावेत. मलाही खरं सांगायचं तर राग आला. साडेआठ लाख भरून अर्ध्या जगाचा फेरा घालून आपण त्याला बघायला आलो, आणि ते आपल्याला बघायला निघालं तर आपणच पाय लावून पळतोय?

वन्संनी दुर्बीण खाली न करता सांगितलं, “जहाजापाशी काही मिळतं हे एकदा त्याला कळलं ना, की ते माणसाकडं जायला शिकतं. मग एक दिवस कुणाच्या तरी दारात जातं आणि गोळी खातं. 1973 पासून यांना मारायला बंदी आहे, पण जीव वाचवायला मारलं तर चालतं.” मग थोडं थांबून, “शिवाय बर्फ दरवर्षी लांब जातोय, त्याला पोहायला लावायचं कशाला उगाच.” हे त्या शाळेत सांगायच्या त्याच आवाजात बोलल्या, त्यामुळं पुढचा प्रश्न विचारायची सोय नव्हती.

दहा मिनिटं तो खेळ चालला. मग अस्वल थांबलं, खाली बसलं, मागचे पाय पसरून, आणि जहाजाकडं बघत राहिलं. आम्ही त्याच्याकडं. नंतर कंटाळून त्यानं पंजावर डोकं ठेवलं. मी नाइट गाउनमध्ये कुडकुडत पहाटे सव्वातीनपर्यंत उभी होते, स्वेटर त्या वेळी वन्संकडं होता.

बाकी मग परतीचा समुद्र, बर्फाच्या पाण्यात उड्या मारणाऱ्या उत्साही मंडळींचा एक कार्यक्रम, आम्ही त्यात टाळ्या वाजवायला होतो, आणि बिलं.

माझ्या फोनमध्ये अस्वलाचा एकच धड फोटो आहे. खूप सारा बर्फ, निळंकरडं पाणी आणि मधे साबुदाण्याएवढा पिवळा ठिपका. वन्संना तोच आवडला. त्यांनी कोल्हापुरात एका स्टुडिओत तो मोठा करून, फ्रेम करून घ्यायला दिला. गणपतीत मी गेले तेव्हा दिवाणखान्यात लावलेला होता, छान काच वगैरे. मी जवळ जाऊन बघितलं, चष्मा काढून बघितलं, मग वन्संकडं बघितलं.

“पोरानं मनापासून काम केलंय,” त्या म्हणाल्या. “फोटोवर मधेच एक डाग होता म्हणे, तोही काढून दिलान. जादा पैसे न घेता.”